हजला निघण्याआधी: लस, ऊन, साखर आणि पाय

हजच्या सोडतीत नाव निघालं की घरात पहिली पळापळ कागदांची होते. पासपोर्ट, पैसे भरायची तारीख, इहरामचं, म्हणजे हजच्या व्रतस्थ अवस्थेत नेसायचं, कापड, मग भेटायला येणाऱ्या पाहुण्यांची रांग. तब्येतीचा विषय निघतो तो बहुतेक शेवटच्या आठवड्यात, आणि तोही "डॉक्टरांना सांगून दोन महिन्यांच्या गोळ्या घेऊन टाका" एवढ्यापुरता. तोवर बरंच हातातून गेलेलं असतं. मेंदूज्वराच्या (मेनिन्जायटिसच्या) लसीला दहा दिवस लागतात. साखरेच्या गोळ्यांची फेरजुळणी करून ती नीट बसली का हे पाहायला महिना-दीड महिना लागतो. आणि ज्या पायांवर सगळा हज उभा आहे, ते तयार व्हायला तीन महिने लागतात. म्हणून सुरुवात पायांपासूनच.

किती चालावं लागतं

काब्याभोवती तवाफचे सात फेरे. सफा ते मरवा या दोन टेकड्यांमधलं अंतर साधारण साडेचारशे मीटर. सईमध्ये ते सात वेळा कापायचं, म्हणजे तीन किलोमीटरहून थोडं जास्त. हा फक्त एक उमराह, म्हणजे वर्षभरात कधीही करता येणारी छोटी यात्रा, झाला. तळमजल्यावर गर्दी असली तर तवाफ वरच्या मजल्यावर करावा लागतो, आणि तिथला एकेक फेरा कितीतरी लांब पडतो. हजच्या पाच-सहा दिवसांत मक्केबाहेर मिना, अराफात, मुझदलिफा आणि परत मिना असा प्रवास होतो. मिना ते अराफात चौदा किलोमीटरच्या आसपास आहे. बस किंवा रेल्वे असते, पण ती वेळेवर आणि दारात मिळेलच असं धरून चालू नये. तंबू लांबच्या टोकाला लागला तर नुसत्या जमरातला, म्हणजे सैतानाच्या खांबांना, खडे मारून परत यायला सात-आठ किलोमीटर सहज होतात, आणि ते सलग तीन दिवस.

शेतावर राबणाऱ्या माणसाला यात विशेष वाटणार नाही. पण आपल्याकडे हजला जाणारे बरेच जण साठीच्या पुढचे. मुलांची लग्नं उरकून, दुकान पोराच्या हाती देऊन निघालेले. रोजचं चालणं घर ते मशीद, मशीद ते घर. त्यांनी तीन महिने आधी रोज वीस मिनिटांपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला दहा मिनिटं वाढवावीत. दोन महिन्यांच्या शेवटी दीड तास चालून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच चालता आलं पाहिजे. एक दिवस चालून दोन दिवस झोपणं म्हणजे तयारी नव्हे. बेळगावात किल्ल्याच्या तलावाभोवती, कॅम्पातल्या झाडांखाली फिरणं सुखाचं आहे, पण आठवड्यातून दोनदा चढ-उताराचा रस्ता घ्यावा. मक्का-मिनात पूल आहेत, जिने आहेत, बोगद्यातले उतार आहेत. आणि जी चप्पल तिकडे नेणार तीच घालून चालावं. निघायच्या आदल्या दिवशी घेतलेल्या नव्या चपलेने तिसऱ्या दिवशी फोड येतो.

चालताना छातीत दडपण, डाव्या हाताला कळ किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर ते तिथल्या गर्दीत कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं. ईसीजी, गरज पडली तर इको आणि ताण चाचणी, हे सगळं बेळगावात होतं. बायपास किंवा स्टेंट नुकता झाला असेल तर हृदयरोगतज्ज्ञाने लेखी परवानगी दिल्याशिवाय पाऊल उचलू नये. सौदी सरकारनेही २०२६ च्या हजपासून नियम कडक केले आहेत. डायलिसिसवर असलेले, हृदय फार कमजोर झालेले, सतत ऑक्सिजन लागणारे, स्मृतिभ्रंश झालेले, केमोथेरपी चालू असलेले, क्षयरोग सक्रिय असलेले, गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीतल्या बायका यांना परवानगी नाही. सोडतीत नाव आलंय म्हणून फिटनेसच्या कागदावर डॉक्टरची सही कशीबशी मिळवणं, ही आपल्याकडची सवय. त्या सहीचा हिशोब मिनाच्या उन्हात द्यावा लागतो.

ऊन: बेळगावचं आणि मक्केचं

बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर. मे महिन्यात दुपारी अडतीसपर्यंत पारा गेला तरी संध्याकाळी वारा सुटतो, वळिवाची एखादी सर येते, रात्री पांघरूण लागतं. अथणी, रायबाग, चिकोडीकडे ऊन जास्त, पण तिथेही रात्र उतरते. मक्केत रात्रही तापलेलीच असते. १७ जून २०२४ रोजी मस्जिद-ए-हरामच्या परिसरात ५१.८ अंशांची नोंद झाली. त्या वर्षी सौदी सरकारच्याच आकड्यानुसार १,३०१ माणसं दगावली. त्यांतले बहुसंख्य परवान्याशिवाय आलेले होते. तंबू नाही, बस नाही, उन्हातून मैलोन्मैल पायी. परवाना, तंबू, बस यांची किंमत तिथे कळते. "वशिल्याने व्हिजिट व्हिसावर हज करून देतो" असं सांगणाऱ्या एजंटाच्या बोलण्यात म्हणूनच येऊ नये.

चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे हज दर वर्षी तेवढा अलीकडे सरकतो. २०२७ चा हज मेच्या मध्यावर येतो. जूनपेक्षा बरं, पण मे हा तिथेही उन्हाळाच.

आता शरीरात काय होतं ते पाहू. हवा त्वचेपेक्षा थंड असते तोवर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा पस्तीसच्या वर गेली की उलटं होतं, हवाच अंगाला तापवते. मग उरतो एकच मार्ग, घाम. घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. कोकणात घाम वाळतच नाही म्हणून जीव घाबरा होतो. मक्केच्या कोरड्या हवेत घाम इतका झटकन वाळतो की तो आलाय हेच कळत नाही. अंग कोरडं, म्हणजे पाणी जात नाही, असं वाटतं. प्रत्यक्षात भर उन्हात तासभर चाललं तर लिटरभर पाणी आणि त्यासोबत मीठ निघून गेलेलं असतं.

तहान उशिरा लागते, म्हाताऱ्या माणसाला आणखी उशिरा. म्हणून चालताना दर वीस मिनिटांनी एक पेला पाणी, तहान असो वा नसो. पण एका तासात दीड लिटरच्या वर जाऊ नये. घामातून मीठ जातं आणि आपण नुसतं पाणी ओतत राहिलो तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळ आणि पुढे झटकेसुद्धा येतात. लोक समजतात पाणी कमी पडलं, आणि आणखी पाजतात. त्यासाठी दिवसाच्या पाण्यात एक-दोन लिटर ओआरएस हवं. ज्यांना हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांना ही मोजमापं लागू नाहीत. त्यांनी आपला आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्यावा.

ओआरएसमध्ये एक चूक हमखास होते. आपल्याकडे दोन आकाराची पाकिटं मिळतात: मोठं साधारण एकवीस ग्रॅमचं, ते एका लिटरसाठी, छोटं चार-साडेचार ग्रॅमचं, ते दोनशे मिलीच्या एका पेल्यासाठी. मोठं पाकीट एका पेल्यात कालवलं तर खारट विष होतं, जुलाब वाढतात. छोटं पाकीट लिटरभर बाटलीत टाकलं तर नुसतं गोडसर पाणी. पाकिटावर पाण्याचं माप छापलेलं असतं, ते वाचावं. आणि खोक्यातलं फळांच्या चवीचं तयार पेय म्हणजे ओआरएस नव्हे. अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, पण सवयीने लोक तेच मागतात. पाकीट नसलं तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा सपाट, शिगोशीग नको.

पाणी पुरलं की नाही हे लघवी सांगते. फिकट पिवळी असली तर ठीक, काळ्या चहासारखी झाली तर मागे पडलात. आणि इथेच सगळ्यात मोठी गोची आहे. मिना, मुझदलिफात संडासाला लांब रांगा असतात. बायका आणि प्रोस्टेट वाढलेले म्हातारे त्या रांगेच्या धास्तीने सकाळपासून पाणीच बंद करतात. दुपारी चक्कर, संध्याकाळी ताप, रात्री लघवीला जळजळ. प्रोस्टेटचा त्रास असेल तर इथेच दोन महिने आधी मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवून गोळी सुरू करावी. जाण्या-येण्याच्या वेळा हेरून ठेवाव्यात. पहाटे तीनला आणि नमाज चालू होण्याच्या बऱ्याच आधी रांग लहान असते. गरज असेल त्या वयस्करांनी डायपर वापरायला संकोच करू नये. वुजूचा (नमाजआधी हातपाय-तोंड धुण्याचा) आणि पाकीचा (शुद्धतेचा) मसला निघण्याआधीच मौलानांना विचारून घ्यावा.

इहराममध्ये पुरुषांनी डोकं झाकायचं नाही, टोपी-रुमाल नाही. पण छत्री चालते, कारण ती डोक्याला टेकत नाही. फिक्या रंगाची, हलकी, घडीची छत्री इथूनच घ्यावी. एक छोटी फवारणीची बाटली पाण्याने भरून ठेवावी. तोंड, मान, हात यांवर फवारलं की घामाचं काम ते पाणी करतं. दुपारी अकरा ते चार शक्यतो तंबूत. अराफातच्या दिवशी सूर्यास्तापर्यंत थांबायचंच असतं, पण टेकडीवर चढण्याची सक्ती नाही. तंबूत बसून केलेली दुआही अराफातचीच.

उन्हाचा त्रास दोन पायऱ्यांनी येतो. पहिली पायरी: थकवा, डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, भरपूर घाम; माणूस शुद्धीवर, उत्तरं नीट देणारा. सावलीत आडवं करा, पाय उंच, कपडे सैल, ओआरएस घोट घोट. अर्ध्या तासात उतार पडला पाहिजे. दुसरी पायरी उष्माघात: अंग भट्टीसारखं, ताप चाळीसच्या वर, आणि माणूस बरळतो, नातवाचं नाव विसरतो, चालताना झोकांड्या खातो किंवा बेशुद्ध. बरळणं हीच खूण पकडायची; घाम आहे की नाही यावर विसंबू नका, चालता चालता झालेल्या उष्माघातात घाम असतोही. अशा वेळी दवाखाना शोधत पळण्याआधी जागच्या जागी गार करणं सुरू करा. कपडे काढा, अंगावर थंड पाणी ओता, सारखा वारा घाला, बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जातं; झमझमचं पवित्र पाणी असलं तरी. पॅरासिटामॉलचा इथे काही उपयोग नाही, कारण हा ताप जंतूंनी आणलेला नसतो. एकाने गार करत राहायचं, दुसऱ्याने फोन करायचा: मक्केत ९११, रुग्णवाहिकेसाठी ९९७.

उन्हाची सवय शरीराला एक-दोन आठवड्यांत होते. सरकारी हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना हजच्या दिवसांआधी बहुधा तेवढे दिवस तिथे मिळतात. पण ते आठवडे कसे जातात? पोचल्या पोचल्या रोज एक उमराह, दुपारी बाजार, रात्री अर्धी झोप. खरा हज येतो तेव्हा माणूस निथळून गेलेला. पहिले पाच दिवस सकाळ-संध्याकाळ थोडंच बाहेर पडावं.

लस

मेंदूज्वराची लस म्हणजे ए, सी, वाय आणि डब्ल्यू-१३५ या चार प्रकारांच्या जंतूंविरुद्धची. डब्ल्यू-१३५ हा प्रकार २००० सालच्या हजमध्ये पसरला आणि हाजींबरोबर अनेक देशांत घरोघरी पोचला. त्यानंतर चारही प्रकारांची लस सक्तीची झाली. ती सौदीत पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची. लसीचे दोन प्रकार आहेत. जुनी पॉलिसॅकराइड, तिचं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. कॉन्ज्युगेट असेल तर पाच वर्षं. कार्डावर कॉन्ज्युगेट हा शब्द लिहिलेला नसेल तर ती तीन वर्षांचीच धरली जाते. म्हणून टोचणाऱ्याकडून लसीचा प्रकार, बॅच आणि तारीख लिहून घ्या.

कमिटीमार्फत जाणाऱ्यांना ही लस आणि पोलिओचे थेंब सरकारी शिबिरात मिळतात. खासगी टूरवाल्यांच्या आणि वर्षभर उमराहला जाणाऱ्यांच्या बाबतीत मात्र ढिलाई होते. उमराहलाही हीच लस, हेच दहा दिवस. २०२४ मध्ये उमराहहून परतलेल्या, लस न घेतलेल्या लोकांमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्समध्ये मेंदूज्वराचे रुग्ण सापडले. याच्या जोडीला फ्लूची लस, निघण्याच्या दोन आठवडे आधी. पासष्टीच्या पुढचे, दमेकरी आणि मधुमेही यांनी न्यूमोनियाच्या लसीबद्दलही विचारावं.

हजहून खोकला न घेता येणारा माणूस विरळा. निपाणीकडे वर्षानुवर्षं विडी वळलेल्या किंवा वखारीत तंबाखूच्या धुळीत राबलेल्या बायका, खानापूरकडे चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बायका, यांची फुफ्फुसं आधीच नाजूक असतात आणि त्यांना ते ठाऊकही नसतं. अशांनी एकदा फुंकून पाहण्याची तपासणी करून घ्यावी. इनहेलर लागलाच तर तो ओढायची रीत इथेच शिकावी, तिथे पहिल्यांदा खोकं उघडू नये. मिश्री, गुटखा, तंबाखू सोडायची असेल तर दोन महिने आधी. पहिला आठवडा डोकं ठणकतं, चिडचिड होते. तो आठवडा घरात काढलेला बरा.

साखर, गोळ्या आणि खसखस

मधुमेही माणसाने रोजचा डोस तसाच चालू ठेवून रोज दहा किलोमीटर चाललं तर साखर खाली येणारच. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना हा धोका मोठा. खिशात साखर हवीच. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यापुढे अंधारी आली तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, सत्तरच्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. खजूरही चालतो, पण साखरेपेक्षा सावकाश चढतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळ्या आणि रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या उन्हात अंग जास्त सुकवतात. स्वतःच्या मनाने बंद करू नका; उलटी-जुलाब किंवा कडक उन्हाच्या दिवशी कोणती गोळी थांबवायची याचा कागद डॉक्टरांकडून आधीच करून घ्या.

इन्सुलिनची न उघडलेली पेनं दोन ते आठ अंशांत, उघडलेलं पेन तीस अंशांच्या खाली. तंबूत तीसच्या वर जातंच, म्हणून थंड पिशवी किंवा थर्मास. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. याच कारणासाठी विमानात ते हातातल्या बॅगेत ठेवायचं, सामानात नाही. सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. डोसाच्या वेळा कागदावर तिथल्या घड्याळाप्रमाणे लिहून ठेवाव्यात.

पायांची चाचणी आधी करून घ्यावी. सुन्न पायाला तापलेली फरशी कळत नाही. तवाफाच्या जागेचा पांढरा संगमरवर गार असतो, पण बाहेरच्या रस्त्याची तशी खात्री नाही. दाराशी काढलेली चप्पल हरवते, आणि अनवाणी हॉटेलपर्यंत आलेल्या मधुमेहीच्या तळव्यावर फोड येतात. चप्पल पिशवीत घालून जवळच ठेवायची. रात्री झोपण्याआधी तळवे पाहायचे, दिसत नसतील तर जोडीदाराने पाहायचे. इहराममध्ये मांड्या घासून सोलल्या जातात. बिनवासाचं व्हॅसलिन आधीच लावावं, कारण सुगंधी मलम इहराममध्ये चालत नाही.

औषधं दोन महिन्यांची, मूळ पट्टीत, अर्धी हातातल्या बॅगेत आणि अर्धी सामानात. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव इंग्रजी ठळक अक्षरात. ट्रामाडॉल, कोडीन, प्रीगाबालिन, अल्प्राझोलाम यांवर सौदीत कडक नियंत्रण आहे. गुडघेदुखीच्या किंवा झोपेच्या पाकिटात यांतलं काही आहे का ते बघा. आणि खसखस. सौदीत तिच्यावर बंदी आहे. घरच्या मसाल्यात, बिर्याणीच्या मसाल्यात, लाडवात ती असते, आणि प्रेमाने बांधून दिलेल्या डब्यामुळे हाजीसाब विमानतळावर अडकतात. नेण्याचा मसाला वेगळा कुटा.

गळ्यातल्या कार्डावर रक्तगट, आजार आणि औषधं लिहावीत. आपल्याकडचा सरकारी कागद कन्नडमध्ये असतो आणि घरातली बोली दख्खनी. तिथल्या परिचारिकेला दोन्ही कळत नाहीत. चार अरबी शब्द पुरतात: सुक्करी म्हणजे मधुमेह, दग्त म्हणजे रक्तदाब, कल्ब म्हणजे हृदय, रबू म्हणजे दमा.

बायकांनी पाळीचा प्रश्न निघण्याच्या दोन-तीन महिने आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्यावा. पाळीत तवाफ करता येत नाही, बाकीचे अरकान (हजचे विधी) होतात. पाळी पुढे ढकलायला नॉरएथिस्टेरॉन देतात, बहुधा दिवसातून तीनदा, अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून. एखादी गोळी चुकली की डाग लागतात. पायात रक्ताची गुठळी झालेल्या बाईने, किंवा जिच्या घरात तसा इतिहास आहे तिने, शेजारणीच्या सल्ल्यावर ती घेऊ नये.

डोकं मुंडवताना नवी पाती डोळ्यांसमोर फोडायला लावा. एकच वस्तरा चार डोक्यांवरून फिरला तर कावीळ बी आणि सी त्यातून पसरते. उंटाचं कच्चं दूध आणि उंटाच्या गोठ्याची सैर, दोन्ही टाळा. २०१२ मध्ये सौदीत पहिल्यांदा सापडलेला मर्स विषाणू उंटांत असतो.

परतल्यावर दारात गर्दी, मुसाफा (हात मिळवणं), गळाभेट, सगळ्यांना झमझम. खोकला असेल तर आठवडाभर मास्क लावून मुसाफा करावा आणि तान्ह्या बाळाला मांडीवर घेणं थोडं पुढे ढकलावं. दोन आठवड्यांच्या आत ताप आला, मान आखडली किंवा श्वास लागला तर डॉक्टरांना पहिलंच वाक्य सांगायचं: "मी हजहून आलोय."